बांधणी सैल आहे

माझ्या चुलतसासऱ्यांइतका भित्रा माणूस कोकणच्या अख्ख्या किनाऱ्यावर झाला नाही आणि पुढेही होईल असं मला वाटत नाही. भित्री माणसं मी माहेरी, नगरलाही पाहिली होती. कुणी विंचवाला भितं, कुणी पोलिसाला, कुणी बायकोला. पण ती भीती फुटकळ. प्रसंग आला की भ्यायचं आणि टळला की चहा प्यायचा. काकांचं तसं नव्हतं. ते नेमाने भ्यायचे. सकाळी दंतमंजनापासून सुरुवात व्हायची, कारण त्या डबीत काय कालवतात ते डबी करणाऱ्यालाच ठाऊक. मग दूधवाल्याच्या कुत्र्याची पाळी, मग परसातल्या फणसाची, कारण फणस काही सांगून पडत नाही. रात्री दाराला अडसर लागला की नाही हे ते अंथरुणातून हाक मारून विचारायचे, आणि "लावला" असं सांगितलं की थोड्या वेळाने उठून स्वतः बघून यायचे. लग्न होऊन मी रत्नागिरीला त्या घरात आले तेव्हा मला वाटलं, सून नवी आहे म्हणून माझ्यावर विश्वास नसावा. पुढे कळलं की त्यांचा अविश्वास माझ्यावर नव्हता, अडसरावर होता.

त्यांची नोकरीही त्याच जातीची होती. बंदर खात्यात कारकून. मुंबईहून तार आली की बंदरावरच्या खांबावर वादळाचा बावटा चढवायचा आणि दुसरी तार आली की तो उतरवायचा. चढवण्यात काका कधी चुकले नाहीत. तार हातात पडते न पडते तोच बावटा वर. उतरवायला मात्र त्यांचा हात धजत नसे. एकदा वादळ परस्पर गुजरातेकडे निघून गेलं, तार आली, ऊन पडलं, समुद्र ताटात वाढल्यासारखा शांत झाला, आणि बावटा तसाच वर. होडीवाले जमले. काकांनी आभाळाकडे पाहिलं आणि सांगितलं की इतकं निवळलेलं आभाळ त्यांना बरं वाटत नाही. साहेबांनी बोलावून झाडलं तेव्हा कुठे बावटा खाली आला. आणि गंमत अशी की बंदर खात्यात आयुष्य काढलेला हा माणूस होडीत पाय ठेवत नसे. एसटीत बसत, पण ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर, त्याचा डोळा लागू नये म्हणून त्याच्याशी बोलत. मुंबईला जाताना खेड सोडून घाट सुरू झाला की त्यांच्या गप्पांना असा जोर चढायचा की एका ड्रायव्हरने गाडी थांबवून त्यांना सगळ्यात मागे नेऊन बसवलं. तिथून त्यांनी बाकीचा घाट मोठ्याने प्रार्थना म्हणत पार केला. गाडीतल्या बायाबापड्यांना वाटलं काहीतरी झालंय, आणि त्याही आपापल्या देवांचा धावा करू लागल्या.

बाहेरून कुठली वस्तू घरात यायची असली तर तिलाही बंदराचा कायदा लागू होता. साथीच्या गावाहून आलेलं गलबत जसं धक्क्याला लावू देत नाहीत, तशी नवी वस्तू आधी पडवीतल्या बाकड्यावर थांबायची. माझ्या रुखवतातला प्रेशर कुकर पाऊस सुरू होईपर्यंत अंगणात होता. मी शिट्टी व्हायची वाट बघत चुलीपाशी उभी आणि काका फणसामागे. शिट्टी झाली की फणसामागून विचारणा यायची, "सूनबाई, आहेस ना गो?"

काकू मात्र ह्या सगळ्यात शांत. जात्या बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, पण हसल्या की घर उजळायचं. त्यांना मूल नव्हतं. माझ्या नवऱ्याचे आईवडील लवकर गेले, त्याला काकूंनीच वाढवलं. आमचं घर ख्रिस्ती, म्हणजे संध्याकाळी दिवे लागले की कौटुंबिक प्रार्थना. एक गीत, एक अध्याय, मग काकांची प्रार्थना. ही प्रार्थना लांबायची, कारण त्यात त्या दिवसाच्या सगळ्या भीत्या नावानिशी यायच्या, फणसासकट. पुस्तकांच्या बाबतीत घर अगदी रिकामं. एक जुनं पवित्र शास्त्र आणि एक गीतांचं पुस्तक, बस्स. माझे वडील नगरला बोर्डिंगात शिक्षक, आमच्याकडे शास्त्रावरच्या ग्रंथांचं कपाट भरलेलं. लहानपणी त्यातले जाडजूड ग्रंथ आम्ही पाटासारखे बसायला घेतले म्हणून मार खाल्लेला. त्यामुळे सासरी ग्रंथांचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघायचे.

आणि विषय निघाला. एका वर्षी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असं ठरलं की नुसती संध्याकाळची प्रार्थना पुरे नाही, प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातून एकदा घरी बसून शास्त्राचा नीट अभ्यास करावा, आणि त्यासाठी घरात निदान एखादा संदर्भग्रंथ असावा. एखादा शब्दकोश, नकाशांचं पुस्तक, नाहीतर टीका, म्हणजे वचनावचनाचा अर्थ उलगडून सांगणारा ग्रंथ. पाळकसाहेबांनी उपदेशात तसं सांगितलं आणि घरोघर सुरुवात करून द्यायला आपण स्वतः येऊ असंही सांगितलं. लोक आनंदले. काका घरी आले ते पांढरेफटक पडून, आणि जेवले नाहीत.

मला वाटलं नेहमीचंच. नव्या वस्तूचं भय. म्हटलं, पडवीत ठेवू चार दिवस, निवळेल.

ग्रंथ घेऊन यायचे ते कोल्हापूरकडचे एक गृहस्थ. आम्ही त्यांना ग्रंथवाले म्हणत असू. हडकुळे, पायजमा घोट्याच्या वर, बरोबर पत्र्याची ट्रंक. वर्षातून दोनदा एसटीने यायचे, भाड्याच्या सायकलीच्या कॅरिअरवर ट्रंक बांधून ख्रिस्ती घरं फिरायचे आणि देशावरच्या ऐसपैस बोलीत एकेका ग्रंथाची अशी तारीफ करायचे की ऐकणाऱ्याला न वाचताच पुण्य लागावं. काका त्यांना पडवीत बसवायचे. ट्रंकही पडवीतच. एकेक ग्रंथ बाहेर निघायचा, काका तो हाताच्या अंतरावर धरून बघायचे आणि काहीतरी खोड काढायचे. ह्याचा टाइप बारीक, डोळे फुटतील. ह्याला वाळवी आवडेल. ह्यात प्रकटीकरणातल्या सात डोक्यांच्या श्वापदाचं चित्र आहे, चुकून संध्याकाळी पान उघडलं तर घरात कोण झोपणार. हा फार जड, फळीवरून पडला तर माणूस जायचा. ग्रंथवाले हसून दुसरा काढायचे.

टीकाग्रंथांची गोष्ट मात्र वेगळी. ते बरेच भाग असलेले संच असायचे, आणि काका त्यातला एकच भाग मागायचे, नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा. दरवेळी तोच. तो घेऊन खिडकीशी जायचे, आमच्याकडे पाठ करायचे आणि वाचायचे. खोलीत कुणी बोललं तरी ऐकू जायचं नाही. मग पाठमोरे असतानाच त्यांचे खांदे हळूहळू खाली यायचे, ते वळायचे, ग्रंथ दोन्ही हातांनी परत द्यायचे आणि म्हणायचे, "ग्रंथ उत्तम. बांधणी सैल आहे."

हे एकदा झालं, दुसऱ्या खेपेला झालं, तिसऱ्या खेपेलाही झालं. निरनिराळे टीकाकार, निरनिराळे छापखाने, बांधणी सगळ्यांचीच सैल. इतर घरांत अभ्यास सुरू झाले. शेजारच्या गल्लीतल्या शिक्षकीणबाई विहिरीवर थेट शास्त्राच्या मूळ भाषेतले शब्द टाकू लागल्या. पाळकसाहेब भेटले की मृदू आवाजात विचारायचे, तुमचं कधी? आणि काका त्यांना टाळायला रविवारी उपासना संपण्याआधीच बाहेर पडू लागले. शेवटी मी वैतागले. ग्रंथवाले ट्रंक बांधून गेल्यावर पडवीतच मी काकांना सांगितलं की मी त्या ग्रंथाची पानं धरून ओढून पाहिलीत, बांधणी चांगली घट्ट आहे, आणि काय आहे ते आता स्पष्ट सांगा.

काकांनी आधी आत वळून पाहिलं. काकू पाणी आणायला गेल्या होत्या. मग ते बाकड्यावर बसले, ग्रंथांच्या जागेवर, आणि बोलले. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असावेत त्याबद्दल.

तरुणपणी त्यांची बदली दाभोळच्या बंदरात झाली होती. समोर खाडी आणि पलीकडे अंजनवेल. सरकारी कामासाठी अधूनमधून पलीकडे जावं लागे, आणि जायचं म्हणजे होडीतून. पहिल्या दिवशी काका धक्क्यावर उभे राहिले ते उभेच राहिले. होडी यायची, माणसं उतरायची, माणसं चढायची, होडी जायची. पोरं हसायला लागली. दुपारी एका होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, वर आला. वयस्क, काळा, आडदांड माणूस. तो हसला नाही, काही विचारलंही नाही. त्याने हात पुढे केला. "डोळे मिट, असं नाही म्हणाला गो," काका मला म्हणाले. "उघडे ठेव म्हणाला. पाण्याकडे बघू नको, माझ्याकडे बघ."

त्यानंतर काका त्या एका होडीतून पलीकडे जात, दुसऱ्या कुठल्याच नाही. त्या येण्याजाण्यात तांडेलाची मुलगी, म्हणजे आमच्या काकू, त्यांच्या नजरेस पडली. ह्या भित्र्या माणसाने तिला मागणी कशी घातली असेल ते देव जाणे. मला वाटतं तांडेलानेच ओळखलं असावं. त्याने मुलगी दिली. ख्रिस्ती कारकुनाला दिली म्हणून भावकीने त्याला वाळीत टाकलं, होडीवर कामाला माणूस मिळेना, पण त्याने त्याबद्दल जावयाला कधी शब्दाने दुखवलं नाही. तो स्वतः मात्र होता तिथेच राहिला. त्याचा गावदेव होता, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ होता. आणि दर नाताळात तो रत्नागिरीला यायचा, लेकीसाठी सुकवलेल्या कोलंबीचे सोडे आणि नारळ घेऊन. संध्याकाळी घरात प्रार्थना सुरू झाली की टोपी काढून पडवीत बसायचा. ह्याच बाकड्यावर. आमेन झालं की टोपी घालायचा. मी त्या घरात यायच्या काही वर्षं आधी तो आपल्या घरी, आपल्या अंथरुणात गेला.

"इतकी वर्षं तो बाहेर बसला," काका म्हणाले. "मी एकदा म्हटलं नाही, तांडेल, आत या, आम्ही वाचतो ते ऐका, तुमच्या मनात काय ते सांगा. भ्यायलो. रागावला तर, उठून गेला तर, हिला लागलं तर. पुढच्या नाताळात विचारू म्हणता म्हणता माणूस गेला."

आता ते खिडकीशी उभं राहून काय वाचायचे ते मला कळलं. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, ज्यांना शास्त्र मिळालं नाही अशा लोकांची गोष्ट निघते. तिथे प्रत्येक टीकाकार थांबतो आणि असल्या माणसांचं पुढे काय होतं त्याचा निवाडा देतो. कुणी हातचं राखून देतो, कुणी ठणकावून. काकांनी ते सगळे निवाडे वाचले होते, आणि एकाही निवाड्याला ते आपल्या उंबऱ्याच्या आत घ्यायला तयार नव्हते. कारण घरात अभ्यास सुरू झाला की कधीतरी ते पान येणार, मोठ्याने वाचलं जाणार, आणि काकू ऐकणार. आपला बाप देवाच्या घराबाहेर राहिला असं तिला एक पुस्तक सांगणार, आणि मग तिला उमगणार की त्याला आत बोलवायचं काम ज्याचं होतं तो माणूस तिच्या शेजारी बसून आमेन म्हणतोय.

माझ्या वडिलांच्या कपाटात अशा ग्रंथांच्या रांगा होत्या. त्यांच्यावर बसून आम्ही भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या होत्या, आणि त्यांना भ्यायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून काकांची ती एक भीती मलाही लागली. सायकलीची घंटी वाजली की काकू कुठे आहेत ते मी आधी बघायचे. काकू संध्याकाळी जुनं पवित्र शास्त्र काढून पुसायच्या, तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि बघवायचं नाही. काका आणि मी एकमेकांशी न बोलता पहारा देऊ लागलो. ग्रंथवाले आले की मीच पुढे होऊन बांधणीला नावं ठेवायचे.

आणि तिथेच घोटाळा झाला. ग्रंथवाले भाबडा माणूस. त्यांनी आमचं म्हणणं खरं मानलं.

पुढच्या खेपेला ते आले ते शेवटचं. वय झालं होतं, आता फिरणं झेपत नव्हतं. काका बाजारात गेलेले, मी शिवणाच्या वर्गाला. घरी काकू एकट्याच. ग्रंथवाल्यांनी ट्रंकेतून रुमालात गुंडाळलेला एक ग्रंथ काढला आणि काकूंच्या हातात दिला. रोमकरांस पत्राची टीका. साहेब दरवेळी हाच भाग मागतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आणि दरवेळी बांधणीवरून अडतं, हेही. म्हणून कोल्हापुरातल्या त्यांच्या ओळखीच्या बाइंडरकडून त्यांनी तो मुद्दाम नव्याने शिवून आणला होता. जाड पुठ्ठा, काळं रेक्झिन, आत खुणेसाठी लाल रेशमी फीत. साहेब ज्या पानाशी नेहमी थांबतात त्याच पानात त्यांनी फीत घातली होती. आमच्या घराला त्यांची निरोपाची भेट. आता बांधणीची तक्रार राहणार नाही, असं सांगून, पाणी पिऊन, ते आनंदाने निघून गेले.

मी परत आले तर ग्रंथ पडवीत नव्हता. आत, टेबलावर, पवित्र शास्त्राच्या शेजारी होता. माझ्या मागोमाग काका आले. त्यांनी तो पाहिला आणि हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायची राहून गेली. मी तो उचलून कुठेतरी लपवणार, एवढ्यात अंगणातून पाळकसाहेबांचा आवाज आला. त्यांना वाटेत ग्रंथवाले भेटले होते. अखेर तुमच्याकडे ग्रंथ आला म्हणता, मग आजच सुरुवात करून टाकू, असं म्हणत ते चपला काढून आत आलेसुद्धा.

ती संध्याकाळ मला अजून आठवते. दिवे लागले. माझा नवरा कामावरून येऊन हातपाय धुऊन बसला, त्याला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही गीत म्हटलं. काकांनी मधलं एक कडवं गाळलं. काकू भिंतीला टेकून, पदर खांद्यावरून घेऊन, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, रोज बसायच्या तशाच. मी मनात म्हणत होते की पाळकसाहेब पहिल्या पानापासून सुरू करतील, प्रस्तावना लांबलचक असते, त्यात वेळ जाईल, आज टळेल. पाळकसाहेबांनी ग्रंथ हातात घेतला, बांधणीची तारीफ केली, आणि त्यांना लाल फीत दिसली. फीत असेल तिथे माणूस उघडणारच.

त्यांचा आवाज मोठा गोड होता. त्यांनी वचन वाचलं, मग त्याखालचं विवेचन वाचायला घेतलं. वाक्यं लांब लांब, जुन्या वळणाची. ज्यांच्या कानी सुवार्ता पडली नाही, ज्यांना कुणी बोलावलं नाही, अशांविषयी काही कनवाळू जन निराळं मत धरतात, परंतु शास्त्राच्या आधारे निःसंशय असं म्हणता येईल की...

"साप," काका ओरडले.

मी खुर्चीवर चढले. माझा नवरा टेबलावर. पाळकसाहेब ग्रंथ छातीशी धरून बाकावर उभे राहिले, आणि त्या वयात ते इतक्या चपळाईने चढतील असं कुणाला वाटलं नसतं. काका जागचे हलले नव्हते. खोटं बोलण्याला हा माणूस सापाहून जास्त भ्यायचा, त्यामुळे आपण काय बोलून बसलो ह्याच धक्क्यात ते थिजले होते. काकू उठल्या. कोपऱ्यातली काठी घेतली, टेबलाखाली फिरवली, कपाटामागे फिरवली, कंदील धरून पाहिलं, आणि काठी जागेवर ठेवली.

"साप नाय, काय नाय," त्या म्हणाल्या. "उतरा खाली. ह्यांना खरोखर साप दिसला तर हे ओरडत नाहीत. ह्यांचा आवाजच जातो."

आम्ही उतरलो. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. काकू खाली बसल्या नाहीत. पाळकसाहेबांच्या हातातल्या ग्रंथाकडे बघत उभ्या राहिल्या.

"मी दुपारीच वाचलंय ते," त्या म्हणाल्या.

काकांनी डोळे मिटून घेतले.

"पाळकसाहेब, हे पुस्तक ज्याने लिहिलान, त्याने माझा बापूस बघितलान काय?"

पाळकसाहेब म्हणाले, नाही, कसा बघणार.

"मग त्याला काय ठाऊक?" काकू म्हणाल्या, आणि मग काकांकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "आणि तुम्ही कशाला भ्यायलात ते मला कळतं. बाबाला मी आत बोलवलं होतं. एकदा नाय, दर नाताळात. तो म्हणायचा, नको गो, जावई वाचताना माझ्याकडे बघतो आणि घाबरतो, मग वाचायला चुकतो. मी हितंच बसतो, मला सगळं ऐकू येतंय. घरी गेला की मला निरोप धाडायचा, अमकी गोष्ट पुढच्या वेळी परत वाचायला सांग, मला आवडली. तुम्ही म्हणत होतात ना, ह्या वर्षी पण परत तीच काय गो वाचायची?"

काका बसले होते तिथेच बसून रडले. मोठ्या माणसाने रडू नये तसे रडले, भाजीची पिशवी अजून मांडीवर धरून. काकूंनी ती हळूच काढून घेतली. पाळकसाहेबांनी ग्रंथ मिटला. तेही तांडेलाला ओळखत नव्हते असं म्हणाले, आणि ज्याने त्याला पाहिलंय त्याच्यावरच ते सोपवू या, असं म्हणून त्यांनी दुसरं गीत काढलं. ग्रंथातलं ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं कसं होतं ते मला आजही ठाऊक नाही. काकूंनी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. ग्रंथ पाळकसाहेबांबरोबर गेला. मला पुढे किती ठिकाणी तो दिसला, पण मी उघडला नाही.

मग घरासाठी ग्रंथ निवडायचं काम काकांनी माझ्याकडे सोपवलं. मी नगरला कळवून शास्त्रातल्या देशांच्या नकाशांचं पुस्तक मागवलं. नकाशा कुणाचा निवाडा करत नाही. कुठे डोंगर, कुठे पाणी, एवढंच सांगतो. काकांनी ते रीतसर पडवीत ठेवलं, पण एकच रात्र. आमचा अभ्यास असा सुरू झाला. काकू गालील समुद्रावर बोट ठेवून विचारायच्या, हितं वारा कुठून येत असेल, खोल किती, होडीला शीड एकच की दोन. प्रेषित पौलाचं जहाज फुटतं ती गोष्ट आली तेव्हा काका ताठ बसले. तो बेटाचा किनारा, तो वारा, तो हंगाम सगळं बघून त्यांनी सांगितलं की तिथे निदान तीन नंबरचा बावटा चढवायला हवा होता, आणि बंदरातल्या कारकुनाने हयगय केली. पौलाने बंदर सोडू नका असं आधीच बजावलं होतं, हे वाचल्यावर तर त्यांचा आनंद गगनात मावेना. शास्त्रात एक तरी माणूस त्यांच्यासारखा निघाला. बाकी भीत्या होत्या तशाच राहिल्या. कुकर मात्र घरात आला.

पुढे काही वर्षांनी काका अंथरुणाला खिळले. आम्हा सगळ्यांना एकच धाक होता. कुत्र्याला, फणसाला, मंजनाला भ्यालेला हा माणूस, मरणाला किती भिईल, आणि ते आपल्याला बघवेल का. आम्ही त्यांच्यासमोर डॉक्टरचं नावही काढत नसू. एका दुपारी मी उशाशी बसले होते आणि काकू दारात तांदूळ निवडत होत्या. काका बराच वेळ आढ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "काय गो, तांडेल असतील काय धक्क्यावर?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"असतील ना," त्या म्हणाल्या. "हात पुढे करूनच असतील. तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवा."

काका "बरं" म्हणाले आणि कुशीवर वळले. त्या रात्री आम्ही जेवलो, आवराआवर केली, दिवा बारीक केला, आणि मी त्यांच्या हाकेची वाट बघत राहिले. अडसर लावला का, असं त्यांनी विचारलं नाही. काका गेल्यापासून तो प्रश्न मी विचारते.